हळदीचा डाग आणि शेवग्याचं पान

नमस्कार मंडळी. वरणभात खाताना पांढऱ्या शर्टावर हळदीचा डाग पडला नाही असं घर काही सापडायचं नाही, आणि त्याला साबण लावला की तो एकदम लाल होतो, आपण घाबरतो, मग आतून आई ओरडते, अगं घासू नको, उन्हात टाक, जाईल. आणि खरंच जातो की! तर साबणाने लाल होणं आणि उन्हाने उडणं, या दोन गोष्टींवर घरच्या घरी कागदावर पानं छापता येतात, शाई नको की कॅमेरा नको.

एक चमचा हळद घ्या, चार चमचे सर्जिकल स्पिरिट, ते मेडिकलमध्ये मिळतं. पाणी नको, कारण हळदीचा रंग पाण्यात धड विरघळत नाही. बाटलीत घालून हलवा, फडक्यातून गाळा, आणि हो, हे गॅसजवळ अजिबात करू नका, स्पिरिट भसकन पेटतं. गाळलेला रंग जाडसर ड्रॉइंग पेपरवर ब्रशने लावा आणि अंधाऱ्या खोलीत वाळू द्या. वर पान ठेवा, त्यावर फोटोफ्रेमची काच, कडेला चिमटे, आणि गच्चीत ऊन दाखवा. एप्रिलच्या उन्हात दोन-तीन तास बास होतात, पावसाळ्यात मात्र नादच सोडा.

पान कुठलं? माझा जीव शेवग्यावर, ती बारीक गोल पानं अशी सुंदर उमटतात ना! नेचा पण छान. पहिल्यांदा मी शहाणपणा करून पानफुटीचं जाडजूड पान ठेवलं, काचेखाली त्याला पाणी सुटलं आणि कागदाची पार वाट लागली. पान पातळ हवं, आणि आदल्या रात्री वहीत दाबून ठेवलेलं असलं तर फारच उत्तम.

आता काच काढली की बाकीचा कागद फिकट झालेला असतो आणि पानाखालचा भाग तसाच पिवळा. मग कोमट पाण्यात चमचाभर टाकणखार घाला, तोच तो, सोनार डाग द्यायला वापरतात तो, आणि कागद बुडवा. डोळ्यांदेखत पिवळं पान तपकिरी-लाल होत जातं, देठाकडून टोकाकडे! मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हातातला चहा गार झाला. साबणाने शर्टावरचा डाग लाल होतो ना, तशातलंच हे. इंग्लंडमध्ये जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने फुलापानांच्या रसांवर उन्हाचे असले प्रयोग 1842 च्या सुमारास केले होते, तेव्हा फोटोग्राफी नुकती कुठे चालायला लागली होती. हा प्रिंट मात्र भिंतीवर लावू नका, ज्या उन्हाने तो काढला तेच ऊन त्याला पुसून टाकतं. वहीत ठेवा, अधूनमधून काढून बघा.

कापडाचं गणित वेगळं, तिथे हळद नाही, लोखंड कामाला येतं. सुती कापड तुरटीच्या पाण्यात भिजवायचं, गंजके खिळे व्हिनेगरमध्ये आठवडाभर ठेवले की जे काळपट पाणी होतं ते थोडंसं पानांना लावायचं, गुलाबाची, निलगिरीची, डाळिंबाची पानं घ्यायची, कारण त्यांच्यात तुरटपणा भरपूर, आणि तो लोखंडाला भेटला की काळा-करडा ठसा उठतो. पानाची शिरा असलेली बाजू कापडाकडे. काठीवर घट्ट गुंडाळून दोऱ्याने आवळायचं आणि तास-दीड तास वाफ द्यायची. हिरवं पान हिरवं उमटेल ही अपेक्षा सोडा, बहुतेक वेळा करडं नाहीतर पिवळट येतं, आणि कधी काय येईल ते गुंडाळी सोडल्याशिवाय कळत नाही.

वाफेचं भांडं मात्र वेगळं ठेवा हं. मी आईचं मोदकपात्र घेतलं होतं. ते आता माझंच आहे, कारण ती म्हणाली, यात आता मोदक काय, पाणी पण उकळायचं नाही.