ऑगस्टमध्ये सगळ्यांचीच टीम भारी असते

मंडळी, आधीच सांगून टाकतो, आज फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, अमेरिकेतली व्यावसायिक लीग एनएफएल, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात तो, पायाने खेळतात तो ऐकायला कोणी आलं असेल तर आत्ता उठून गेलात तरी मला राग नाही. आणि खेळाबद्दलही मी कमीच बोलणार आहे, बोलायचंय फॅन्सबद्दल, आणि तेही जुलैच्या शेवटापासून ऑगस्टच्या शेवटापर्यंतच्या फॅन्सबद्दल, कारण तेव्हा ट्रेनिंग कॅम्प, म्हणजे सीझनआधीचा सराव, चालू असतो, खरी मॅच एकही झालेली नसते, आणि वादाला मात्र नुसता ऊत आलेला असतो.

आता हे लोक एवढे भांडतात कशावरून, तर पहिलं कारण म्हणजे लीगची रचनाच तशी आहे. आदल्या वर्षी जी टीम सगळ्यात खाली राहिली तिला ड्राफ्टमध्ये कॉलेजचा पोरगा सगळ्यात आधी निवडायला मिळतो, आणि १९९४ पासून पगारावर मर्यादा आहे, सॅलरी कॅप, म्हणजे श्रीमंत मालक आहे म्हणून सगळे स्टार उचलून आणले असं करता येत नाही. परिणाम काय, तर १९९० पासून दरवर्षी किमान चार टीम अशा प्लेऑफला, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्यांना, गेल्यात ज्या आदल्या वर्षी गेल्या नव्हत्या. म्हणजे फॅन जेव्हा म्हणतो की यंदा आपलं काहीतरी होईल, तेव्हा तो अगदीच वेडा नसतो. थोडा असतो.

तर कॅम्पला लोक जातात. पिट्सबर्ग स्टीलर्सचा कॅम्प १९६० च्या दशकापासून लॅट्रोब नावाच्या छोट्या गावातल्या सेंट व्हिन्सेंट कॉलेजात भरतो, तिथे टेकडीच्या उतारावर बसून प्रॅक्टिस बघायची. ग्रीन बे मध्ये तर लहान मुलं सायकली घेऊन उभी असतात आणि ते अवाढव्य खेळाडू त्या चिमुकल्या सायकलींवर बसून मैदानापर्यंत जातात, मुलं हेल्मेट धरून बाजूने पळत. ग्रीन बे पॅकर्सचे शेअर्स पाच लाखांहून जास्त लोकांकडे आहेत, डिव्हिडंड दमडीचा नाही, पण कागदोपत्री मालक, त्यामुळे तिथला फॅन बोलतो तो मालकाच्याच थाटात.

आता मुद्द्यावर येतो. कॅम्पमध्ये एक मूलभूत लोचा आहे आणि माझ्या मते निम्मी भांडणं त्या एकाच लोच्यातून निघतात. टीम खेळते कोणाशी? स्वतःशीच. आपला ऑफेन्स, म्हणजे आक्रमण करणारे, आणि समोर आपलाच डिफेन्स, म्हणजे अडवणारे. समजा आज प्रॅक्टिसमध्ये आपल्या क्वार्टरबॅकने, म्हणजे पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूने, तीन इंटरसेप्शन फेकले, म्हणजे तीनदा बॉल समोरच्यांच्या हातात दिला. झालं, एक गट म्हणतो हा पोरगा संपला, याच्यावर एवढे पैसे घातलेच कशाला, आणि दुसरा गट म्हणतो अरे आपले पास अडवणारे कॉर्नरबॅक काय तयार झालेत बघा. दोघांनी बघितलं तेच, दोघांचंही म्हणणं शक्य आहे, आणि ठरवायला कुठलंही साधन नाही. दुसऱ्या दिवशी त्याच क्वार्टरबॅकने चार टचडाउन, म्हणजे गुण मिळवून देणारे पास, मारले की गट तेच राहतात, फक्त वाक्यं अदलाबदल होतात. कॅम्पमधली प्रत्येक चांगली बातमी ही आपल्याच टीमची एक वाईट बातमी असते, हे एकदा डोक्यात बसलं ना की मग ते रोजचे रिपोर्ट वाचताना बरीच गंमत येते.

बरं, त्यात प्रॅक्टिस म्हणजे खरी लढत पण नाही. क्वार्टरबॅकच्या अंगावर वेगळ्या रंगाची जर्सी, बहुतेक ठिकाणी लाल, म्हणजे याला हात लावायचा नाही. त्यामुळे सॅक झाला, म्हणजे त्याला बॉलसकट पाडला, की नाही हे कोणीतरी अंदाजाने ठरवायचं, आणि पहिले काही दिवस तर पॅड्स पण नसतात, नुसती हेल्मेट आणि शॉर्ट्स, त्यात पुढच्या रांगेत धक्काबुक्की करणारा लाइनमन चांगला दिसला म्हणणं म्हणजे पोहणारा काठावर चांगला दिसला म्हणण्यासारखं आहे. एकास एक जे ड्रिल असतात ते तर मुळातच एका बाजूला झुकलेले. रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, विरुद्ध कॉर्नरबॅक असेल तर रिसीव्हरला अख्खं मैदान मोकळं आणि क्वार्टरबॅकवर धावून येणारं कोणी नाही, मग झेल पकडणारच की तो. लाइनवाल्यांच्यात उलटं, धावून येणाऱ्याला आधीच माहीत असतं की हा पासच आहे, मॅचमध्ये ते माहीत नसतं, त्यामुळे तिथे बिचारा ब्लॉक करणारा हरतो. म्हणून कोणी दहा सेकंदांची क्लिप दाखवून म्हणाला ना की बघा बघा काय धुतलं त्याला, तर आधी विचारायचं, ड्रिल कुठला होता.

मग येतात प्रीसीझनच्या, म्हणजे सीझनआधीच्या सरावाच्या, मॅचेस. आधी चार असायच्या, २०२१ पासून लीगच्या मॅचेस सतरा झाल्या आणि प्रीसीझनच्या बहुतेकांना तीनच राहिल्या. लोकांना वाटतं चला आता खरं काय ते कळेल. काय कळतं? २००८ साली डेट्रॉइट लायन्सने प्रीसीझनच्या चारही मॅचेस जिंकल्या, आणि मग सीझनमध्ये सोळाच्या सोळा हरले. एकही नाही जिंकले! २०१७ ला क्लीव्हलंड ब्राउन्सने हुबेहूब तेच केलं, चारपैकी चार आणि मग शून्य-सोळा. आणि उलट बघायचं तर २००५ चे इंडियानापोलिस कोल्ट्स, प्रीसीझनच्या पाच मॅचेस खेळले, एक जपानमध्ये पण होती, पाचही हरले, आणि खरा सीझन सुरू झाल्यावर सलग तेरा जिंकले. बॉल्टिमोर रेव्हन्सने तर प्रीसीझनच्या सलग चोवीस मॅचेस जिंकून ठेवल्या होत्या, २०२३ मध्ये वॉशिंग्टनने ती माळ तोडली, पण त्या काळात एका सीझनला ते १४-२ होते आणि तीन सीझनला प्लेऑफलाही गेले नाहीत.

याचं कारण साधं आहे, मोठे खेळाडू थोडाच वेळ खेळतात किंवा खेळतच नाहीत, आणि कोच आपले खास प्ले, म्हणजे ठरवलेल्या चाली, झाकून ठेवतात, कारण टेप सगळेच बघणार. चौथ्या क्वार्टरमध्ये मैदानावर जे असतात त्यातले अर्धेअधिक सप्टेंबरमध्ये टीममध्ये नसतातच. मग त्या स्कोअरवरून "यंदा अकरा जिंकू" की "सहाच जिंकू" यावर रात्र रात्र वाद घालणं मला खरंच फुकट वाटतं. आणि इथे मी आशावाद्यांनाच नाही म्हणत हां, आपण पडणारच असं म्हणणारे जे असतात ना, त्यांना वाटतं आपण फार समंजस, पण त्यांच्याकडेही पुरावा तेवढाच असतो.

१९९९ चं बघा. सेंट लुई रॅम्स, आदल्या वर्षी ४-१२. नवा क्वार्टरबॅक आणला ट्रेंट ग्रीन, आणि ऑगस्टच्या शेवटी प्रीसीझनच्या मॅचमध्ये त्याचा गुडघा गेला. कोच डिक व्हर्मील पत्रकारांसमोर रडवेला झाला, आणि म्हणाला आपण कर्ट वॉर्नरच्या मागे उभं राहू. आता हा वॉर्नर कोण, तर अठ्ठावीस वर्षांचा, एकेकाळी सुपरमार्केटमध्ये रात्रीच्या पाळीला शेल्फवर माल लावणारा, मग इनडोअर खेळली जाणारी अरीना लीग, मग युरोपात. त्या संध्याकाळी कोणी म्हणालं असतं की सीझन संपला तर त्याला मूर्ख म्हणायची कोणाची टाप होती? वॉर्नरने ४१ टचडाउन पास टाकले, एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, झाला, रॅम्स सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकले. आणि याच्या बरोब्बर उलट २०२३ चे न्यूयॉर्क जेट्स, अख्खा कॅम्प टीव्हीवर, नावाजलेला क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स आला म्हणून सगळे खूश, आणि सीझनच्या पहिल्याच मॅचमध्ये तो चौथ्या प्लेला टाचेमागची अकिलीस शीर फाटून बाहेर, टीम ७-१०.

मग कॅम्पमध्ये भांडण्यासारखं काहीच नाही का? आहे ना, आणि भरपूर आहे, फक्त ते खाली आहे, यादीच्या तळाला. कॅम्पला नव्वद खेळाडू असतात आणि शेवटी त्रेपन्नच ठेवायचे. पहिले चाळीसेक जण कोणीही सांगेल. पण पाचवा रिसीव्हर ठेवायचा की सहावा पण, तिसरा क्वार्टरबॅक ठेवायचा की ती जागा लाइनमनला द्यायची, इथे प्रीसीझनचा चौथा क्वार्टर खरंच कामाचा, कारण त्याच पोरांची ती परीक्षा असते. २०१० च्या ऑगस्टमध्ये ड्राफ्टमध्ये कोणीच न घेतलेला रिसीव्हर व्हिक्टर क्रूझ जायंट्सकडून जेट्सविरुद्ध उतरला आणि एकाच मॅचमध्ये तीन टचडाउन करून बसला. टीममध्ये राहिला, ते वर्ष दुखापतीत गेलं, पुढच्या वर्षी १५३६ यार्डांचे झेल आणि सुपर बोलची अंगठी. म्हणजे जो फॅन ऑगस्टमध्ये "या पोराला सोडू नका रे" म्हणून घसा फोडत होता तो बरोबर होता, आणि जो किती मॅचेस जिंकणार ते सांगत होता त्याला विचारायलाच नको.

आणि त्यातला सगळ्यात मजेदार वाद म्हणजे, अमुक पोराला काढलं तर तो परत मिळेल का. कारण काढलेल्या खेळाडूला लगेच आपल्या प्रॅक्टिस स्क्वॉडमध्ये, म्हणजे त्रेपन्नच्या बाहेरच्या सरावाच्या ताफ्यात, टाकता येत नाही, नवा पोरगा असेल तर तो आधी वेव्हर्सवर जातो, इतर टीम त्याला मागू शकतात, आणि दोघांनी मागितला तर आदल्या वर्षी जी खाली होती तिला तो मिळतो. म्हणजे कोचला अंदाज बांधावा लागतो की बाकीच्या एकतीस टीमना आपला हा चौथा टाइट एंड (ब्लॉकही करतो, झेलतोही) किती आवडलाय. फॅनला अर्थातच वाटतं सगळे टपूनच बसलेत. बहुतेक वेळा कोणी ढुंकूनही बघत नाही, तो गुपचूप प्रॅक्टिस स्क्वॉडमध्ये येतो. पण मागच्या वर्षी जी टीम तळाला होती तिच्या फॅन्सचा खरा सण तोच, ते आता आपल्या पोरांना सोडून बाकीच्यांनी काढलेल्यांच्या याद्या चाळत बसतात, आणि ज्याला त्यांनी एक मिनिटही खेळताना बघितलेलं नाही त्याला घ्यायचं की नाही यावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कडाकडा भांडतात.