चाकातला १ किलो म्हणजे बॉडीतले १० किलो? गाडी हलकी करायच्या आधी हे ऐका

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत गाडी लिफ्टवर होती, बोलता बोलता मी म्हणून गेलो की हिचं वजन बरंच उतरवलंय, आणि तेव्हापासून कमेंटमध्ये दुसरा विषयच नाही. दादा काय काय काढलं, दादा किती किलो, दादा कार्बन बोनेट घेऊ का. घ्या, आज वजनावरच बोलू.

बेसिक पटकन उरकतो. १३०० किलोची गाडी, २०० हॉर्सपॉवर. ६५ किलो काढले म्हणजे पाच टक्के गेले, पिकअपच्या हिशोबाने साधारण १० हॉर्सपॉवर वाढवल्यासारखं. पण इंजिनातून काढलेले १० हॉर्सपॉवर फक्त पिकअप देतात, वजन काढलं की ब्रेकिंग सुधारतं, कॉर्नरला गाडी जास्त धरते, टायर कमी तापतात, पॅड जास्त टिकतात. टॉप स्पीड मात्र जवळपास तेवढाच राहतो, तिथे हवा आडवी येते. झालं बेसिक.

फुकटात निघणारं वजन पण तुम्हाला माहितीये. डिकी रिकामी करा, ट्रॅकवर जाताना स्टेपनी, जॅक, तो सबवूफरचा डबा बाहेर. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरतं, म्हणजे ४० लिटर जास्तीचं घेऊन फिरताय तर ३० किलो घेऊन फिरताय. लोक टायटॅनियमचे बोल्ट शोधत बसतात आणि टाकी फुल करून ट्रॅकवर येतात, काय बोलायचं राव. आणि हो, "आधी ड्रायव्हरने पोट कमी करावं" ही कमेंट प्रत्येक व्हिडिओखाली असते, मी वाचतो, मुद्दा बरोबर आहे, पुढे जाऊ.

आता ज्याच्यासाठी हा व्हिडिओ केलाय तो विषय. "चाकातला १ किलो म्हणजे बॉडीतले १० किलो." कोणी १० म्हणतं, कोणी ४, एकाने तर २० लिहिलंय. हे कुठून येतं? आणि सगळे इतक्या आत्मविश्वासाने लिहितात की नवीन माणसाला वाटतं हे कुठल्या तरी पुस्तकातच असणार.

हिशोब करू, सोपाय. चाक दोन कामं करतं, गाडीबरोबर पुढे जातं आणि स्वतःभोवती फिरतं. पुढे नेण्याची ताकद बॉडीच्या किलोइतकीच लागते. फिरवण्याची ताकद वर लागते, आणि ती किती, ते वजन मध्यापासून किती लांब आहे त्याच्यावर. अगदी टोकाला, म्हणजे जिथे टायर रस्त्याला टेकतो तिथे जरी सगळं वजन असलं, तरी हिशोब दुप्पट होतो. दुप्पट. त्याच्यावर जातच नाही. रिम तर अजून आत असतो. समजा रिमचं वजन सरासरी २० सेंटीमीटरवर फिरतंय आणि टायरची त्रिज्या ३१ सेंटीमीटर, तर २० भागिले ३१, त्याचा वर्ग, ०.४२ च्या आसपास. म्हणजे रिममधला १ किलो पिकअपला १.४ किलोसारखा वागतो. चारही रिम दोन दोन किलोने हलके केलेत, ८ किलो वाचले, तर गाडीला ते ११ किलो वाटतात. ८० नाही.

(बोर्डवर तिन्ही आकडे लिहून दाखवायचे, नाहीतर परत विचारतील.)

याच हिशोबातून अजून एक गोष्ट निघते जी कोणी बोलत नाही, की टायरचं वजन रिमच्या वजनापेक्षा महाग पडतं, कारण ते अगदी बाहेर बसलंय. आणि तुम्ही १७ इंचावरून १९ इंचावर गेलात, हलका फोर्ज्ड (धातू दाबून घडवलेला) रिम घेतला, तरी रिमचा कडा दोन इंच व्यासाने बाहेर सरकला, वर टायर पण बहुतेक वेळा रुंद आणि जड आला. वजनकाट्यावर रिम जिंकला, रस्त्यावर हरला.

मग हलके रिम घेऊच नका म्हणतोय का मी? अजिबात नाही! पण कारण वेगळंय, आणि इथे लोक दोन गोष्टी एकात एक घुसवतात. सस्पेंशनच्या खाली जे लटकतं, रिम, टायर, डिस्क, कॅलिपर, हब, ते सगळं खड्ड्यावर वर उडतं आणि त्याला परत रस्त्यावर दाबायचं काम स्प्रिंग आणि डॅम्परचं (म्हणजे शॉकअपचं). समजा एका चाकाच्या कोपऱ्याला सस्पेंशनच्या खाली ४० किलो आणि वर बॉडीचे २६० किलो. खालचे ३ किलो काढले तर साडेसात टक्के गेले, वरचे ३ किलो काढले तर एक टक्का. फरक पडतो, चाक रस्त्याला चिकटून राहतं, खराब कॉर्नरमध्ये तर लगेच कळतं. कुणीतरी ह्या टक्केवारीवरून ती सहापट-दहापट काढली असावी असा माझा अंदाज. पण हा फरक खड्ड्यावरच्या पकडीचा आहे, तो पिकअपच्या किलोत बदलून देता येत नाही. दोन वेगळे हिशोब आहेत.

एकाने खाली लिहिलंय, "फिजिक्स कागदावर ठेव, मी रिम बदलले आणि गाडी उडायला लागली." बरं. रिम बदलले त्याच दिवशी टायर कोणते टाकले भाऊ? जुने घासलेलेच चढवले का? नाही ना. नवीन टाकले, बहुतेक जास्त ग्रिपचे. मग उडतेय ती कशामुळे, ते आधी वेगळं करून बघा.

आणि ज्यांना दहापटच पाहिजे त्यांच्यासाठी, आहे, खरंच आहे, पण चाकात नाही, फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिन आणि क्लचच्या मध्ये फिरणाऱ्या जड चकतीत. कारण फ्लायव्हील इंजिनाच्या वेगाने फिरतं, चाकाच्या नाही, आणि गिअरच्या रेशोचा वर्ग होतो. ५ किलो काढले, साधारण १० सेंटीमीटर त्रिज्येवरचे. पहिल्या गिअरमध्ये एकूण रेशो १४ धरा, म्हणजे चाक एकदा फिरतं तोवर इंजिन १४ वेळा. आकडेमोड केली की त्या ५ किलोचे शंभराच्या वर किलो होतात! आणि टॉप गिअरमध्ये, रेशो साडेतीन, तर तेच ५ किलो फक्त ११ किलोसारखे. म्हणजे लॉन्चला आणि खालच्या गिअरला मजा, हायवेला काही नाही. त्याच्या बदल्यात क्लच सोडताना गाडी पटकन बंद पडते, आणि ड्युअल मास (मध्ये स्प्रिंग असलेलं दोन भागांचं फ्लायव्हील) काढून सिंगल टाकलं असेल तर न्यूट्रलला गिअरबॉक्स खडखडतो. माझ्या एका मित्राच्या गाडीत बसलं की वाटतं बॉनेटखाली कुणी डबा वाजवतंय, तो म्हणतो रेसिंग साउंड आहे.

तेव्हा पुन्हा, पिकअपला रिमचा १ किलो म्हणजे दीड किलोच्या आत. टीशर्टवर छापू का?

रिम घ्यायचेच तर नुसतं "फोर्ज्ड लुक" वाचून घेऊ नका. कास्ट (साच्यात ओतलेला), फ्लो फॉर्म्ड, फोर्ज्ड असे तीन प्रकार, फ्लो फॉर्म्डमध्ये कास्ट रिमचा बाहेरचा पिंप गरम असताना रोलरने दाबून पातळ आणि मजबूत करतात, बऱ्याच जणांना तेवढं पुरतं. लोड रेटिंग, म्हणजे रिम किती वजन पेलतो ते बघा, ते रिमच्या मागे कोरलेलं असतं. नसेल तर नको. हलका आहे म्हणजे चांगला असं नाही, मटेरियल कमी वापरूनसुद्धा रिम हलका होतो, आणि मग एका खड्ड्यात चिरतो.

आता कार्बन. कार्बन कंपोझिटची घनता साधारण १.६, अ‍ॅल्युमिनियमची २.७, स्टीलची ७.८ च्या पुढे, त्यामुळे कागदावर कार्बन एकदम राजा. पण बाजारातलं बरंच "कार्बन" म्हणजे खाली फायबरग्लास, वर कार्बनचा एक थर आणि त्याच्यावर चकचकीत जेलकोट. ओळखीच्या एकाने असं बोनेट आणलं, मी म्हटलं काट्यावर ठेव. त्याच्या गाडीचं ओरिजिनल बोनेट अ‍ॅल्युमिनियमचं होतं, आणि फरक इतका कमी की त्याने काटाच बिघडलाय म्हणून परत ठेवून बघितलं. म्हणून आधी जुना पार्ट मोजा, मग विकणाऱ्याला नव्याचं वजन विचारा. सांगत नसेल तर समजून जा. आणि कार्बनचा स्पॉइलर लावून वजन कमी केलं म्हणणाऱ्यांना हात जोडतो, आधी तिथे काहीच नव्हतं, वजन वाढलंय.

वजन कुठून काढताय ते पण बघायचं. बीएमडब्ल्यूने २००३ च्या एम ३ सीएसएलला कार्बनचं छत दिलं, किलो फार वाचले म्हणून नाही, सगळ्यात उंचावरचे किलो वाचले म्हणून, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी खाली आली. फेरारी एफ ४० मध्ये दार आतून उघडायला हँडलच्या जागी दोरी होती. लोटसने १९९६ च्या एलिसची चासी अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे गोंदाने चिकटवून केली, ६८ किलोची. ही सगळी डोकी आधी कुठे काय लागत नाही ते बघत होती.

बॅटरी हा माझ्या मते सगळ्यात सोपा सौदा. लेड अ‍ॅसिड १५ ते २० किलो, लिथियम आयर्न फॉस्फेट ४-५ किलोत येते, आणि बऱ्याच गाड्यांत ती पुढच्या टोकाला असते. फक्त थंडीत सकाळी कुरकुरते, इंजिनाच्या उष्णतेपासून लांब ठेवावी लागते, आणि पूर्ण उतरू दिली तर गेली.

फ्लोअरवरचं डांबरासारखं साउंड डेडनिंग काढायचं असेल तर ड्राय आइस. उणे ७८ डिग्री, वर पसरवा, थर कडक होतो, हातोडीने हलकं ठोकलं की पापुद्रे निघतात. हातमोजे घाला आणि दारं-खिडक्या उघड्या ठेवा, तो कार्बन डायऑक्साइड आहे, बंद गॅरेजमध्ये श्वास कोंडतो.

दारातले बीम, बंपरच्या मागचा बार आणि एअरबॅग, यांना हात लावायचा नाही. हार्नेस (दोन्ही खांद्यांवरून येणारा रेसिंगचा बेल्ट) लावायचा तर आधी रोल बार (छताखालचा मजबूत पाइप), कारण गाडी उलटली आणि छत दबलं तर साधा बेल्ट तुम्हाला बाजूला झुकू देतो, हार्नेस ताठ बसवून ठेवतो. आणि केज (आतून पाइपांचा पिंजरा) टाकून रोज रस्त्यावर हेल्मेटशिवाय फिरणाऱ्यांनी तो पाइप डोक्यापासून किती लांब आहे ते बघा एकदा.

मागची सीट वगैरे काढली की लोक थांबतात, तिथे थांबू नका. मागचा भाग हलका झाला म्हणजे गाडी मागून वर उठली, अलाइनमेंट बदललं, आणि ब्रेक बायस, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकमधली वाटणी, तोच राहिला तर मागची चाकं आधीपेक्षा लवकर लॉक व्हायला बघतात. चार काट्यांवर गाडी ठेवून कॉर्नर वेट, म्हणजे एकेका चाकावर किती वजन येतं ते, करून घ्या, टाकीत नेहमीइतकं पेट्रोल आणि सीटवर तुम्ही स्वतः बसलेले.

आणि शेवटचा, सगळ्यात जास्त आलेला प्रश्न, एसी काढू का? फक्त ट्रॅकची गाडी असेल तर काढा, पण गॅस मशीनने काढून घ्या, पाइप सैल करून हवेत सोडू नका. रस्त्यावर चालवत असाल तर ठेवा. काच आतून धुकटते तेव्हा हवेतला ओलावा एसीच काढतो, तो गेला की पावसात एका हातात स्टिअरिंग आणि एका हातात फडकं, आणि वाचलेल्या त्या किलोंचा तेव्हा काही उपयोग नाही.