आयोवाचे काटकोन आणि सायकलस्वार

आजच्या व्याख्यानाचा जाहीर विषय ‘1785 चा अमेरिकी जमीन-मोजणी कायदा आणि सायकलस्वार’ असा आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी एक तक्रार मांडू द्या, कारण ती समजून घेतील असे इतके श्रोते पुन्हा एका सभागृहात सापडणे कठीण.

आयोवा राज्य सपाट आहे, असे ज्यांनी ज्यांनी मला सांगितले, ते सारे ते राज्य मोटारीतून ओलांडून गेलेले होते. डी मॉइनला राहणारे आमचे मेहुणे त्यांचे अग्रणी. ते इंटरस्टेट 80 या महामार्गावरून ताशी सत्तर मैलांनी जातात, आणि त्या महामार्गासाठी कुठे उंचवटे कापले, कुठे खोलगट जागा भरून काढल्या, याची खबर अ‍ॅक्सिलरेटरवरच्या पायाला लागत नाही. आपल्या मांड्यांना लागते. मी आयोवाच्या पश्चिम टोकाच्या सू सिटीहून सायकलने पूर्वेकडे निघालो तेव्हा आधी लोएस टेकड्या लागल्या. मिसुरी नदीच्या खोऱ्यातील बारीक माती वाऱ्याने उडून साचल्याने त्या बनलेल्या आहेत. त्या मागे पडल्या की सपाटी येईल, असे मेहुण्यांच्या भरवशावर मानून चाललो होतो. प्रत्यक्षात चढ-उतार संपेनात. वरंध घाटातला रस्ता डोंगराची मनधरणी करत वळणावळणाने वर जातो, हे तुम्ही सर्वांनी घाम गाळून अनुभवले आहे. इथला रस्ता कोणाची मनधरणी करत नाही, तो समोरच्या उंचवट्यावर सरळ चढतो आणि पलीकडे सरळ उतरतो. उतारावर कमावलेला वेग पुढच्या चढाच्या मध्यावर संपतो. (मेहुणे आज सभागृहात नाहीत, याची मी खात्री करून घेतली आहे.)

जुलैत मका डोक्यावर गेलेला असतो, त्यामुळे चौकात आडव्या रस्त्यावरून काय येत आहे ते दिसत नाही. मक्याच्या तुऱ्यांवर खडीच्या रस्त्याची पांढरी धूळ उठताना दिसली की पिकअप ट्रक येत आहे असे समजावे आणि ब्रेक दाबावा. चालक स्टिअरिंगवरचे एक बोट उचलून नमस्कार करतो आणि तुम्हाला धुळीत सोडून जातो. मका आणि सोयाबीन पानांवाटे इतके पाणी बाहेर टाकतात की हवा दमट होते आणि अंगावरचा घाम वाळत नाही. त्यात वारा बहुधा दक्षिणेचा. पूर्वेकडे जाताना तो बाजूने ढकलतो, पण रस्ता दक्षिणेला वळला की पुढचा मैल छातीवर घ्यावा लागतो. आग्नेयेकडे जायचे असेल तर तिरपा रस्ता क्वचितच मिळतो: रस्त्यांच्या एक मैल बाजूच्या चौकोनाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायला दीड मैलाहून थोडे कमी अंतर असते, पायडल मात्र पुरे दोन मैल मारावे लागतात.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे, म्हणून कायदा आता घाईने सांगतो. 1785 साली अमेरिकेच्या काँग्रेसने पश्चिमेकडील जमीन विकण्याआधी सहा मैल बाजूच्या चौकोनांत मोजावी, प्रत्येकाचे एक चौरस मैलाचे, म्हणजे 640 एकरांचे, 36 भाग करावेत असे ठरवले. आयोवातील बहुतेक ग्रामीण रस्ते त्याच भागांच्या सीमांवरून गेले. टेकडी कुठे आहे हे त्या रेषांनी विचारलेच नव्हते. शेतकरी आपापल्या शेतातच घर बांधून राहिला, म्हणून दोन गावांच्या मध्ये चहाची टपरी नसते, आणि गावाची खूण असलेला धान्याचा उंच एलिव्हेटर, म्हणजे कोठार, दुरून दिसू लागला तरी बाटलीतले पाणी लगेच संपवू नये. शिवाय पृथ्वी गोल असल्याने रेखावृत्ते उत्तरेकडे जवळ येतात आणि चौकोन जुळत नाहीत, म्हणून ठराविक अंतरांवर मोजणी नव्याने सुरू करावी लागते; तिथे उत्तरेला जाणारा रस्ता थोडा बाजूला सरकून पुन्हा सरळ होतो. सू सिटीच्या पूर्वेला करेक्शनव्हिल हे गाव अशाच दुरुस्तीच्या (करेक्शन) रेषेवर वसले आहे.

ही जमीन मुळात कोणाची होती, हा भाग वेगळ्या व्याख्यानाचा आहे. एवढेच सांगतो की मेस्क्वाकी या मूळनिवासी लोकांनी 1857 मध्ये टामा परगण्यात त्यातलेच 80 एकर पैसे मोजून परत विकत घेतले, आणि ते आजही तिथे राहतात.