फोल्डरमधला ‘ळ’ जागेवर आणताना

मित्रहो, एका गावाचे जुने दप्तर स्कॅन करून संगणकावर लावत असताना लिनक्सच्या फाइल मॅनेजरने मला बुचकळ्यात टाकले. ‘नळपट्टी’ ही फाइल ‘नवीन बांधकाम’च्या आधी दिसत होती, ‘क्षेत्रफळ’ हे ‘कौल’ आणि ‘खतावणी’ यांच्या मध्ये जाऊन बसले होते आणि ‘१ ते ५० घरे’ ही फाइल तर ‘हजेरी’च्याही खाली गेली होती. शाळेत आपण श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ असे म्हणत आलो. युनिकोडच्या, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या तक्त्यात मात्र ळ (०९३३) हा ल (०९३२) च्या लगेच पुढे, म्हणजे व (०९३५) च्या आधी येतो, क्षला स्वतंत्र क्रमांकच नाही, आणि अंक मराठीच्या सर्व व्यंजनांनंतर, ०९६६ पासून सुरू होतात. तक्त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तो १९८८ च्या इस्की या भारतीय संकेतप्रणालीवर बेतलेला आहे आणि मुळात कोणत्याही एका भाषेच्या अकारविल्हेसाठी केलेला नाही.

म्हणून काहीही बदलण्याआधी एका रिकाम्या फोल्डरमध्ये ‘नवल’, ‘नळ’, ‘हळद’ आणि ‘१’ अशा चार फायली करून पाहाव्यात. ‘१’ हा ‘हळद’च्या खाली गेला, तर यंत्र नुसते क्रमांक ताडून पाहत आहे. ‘१’ वर आला, पण ‘नळ’ अजूनही ‘नवल’च्या आधीच असेल, तर भाषेचा नियम लागू आहे, फक्त तो मराठीचा नाही. लिनक्सवर हा नियम ‘एलसी कोलेट’ या मांडणीतून ठरतो, आणि मराठी लोकेल, म्हणजे त्या भाषेच्या क्रमाचे व इतर नियमांचा संच, यंत्रावर तयार केलेलेच नसेल, तर अनेक प्रोग्राम तक्रार न करता क्रमांकांच्या क्रमावर परततात. लोकेल तयार करून, बाहेर पडून पुन्हा लॉगइन केल्यावरच फरक दिसतो. ही शेवटची पायरी विसरून मी एक अख्खी दुपार घालवली.

नावातच खोट असेल, तर मात्र लोकेलवर विसंबता येत नाही. ‘ॲ’ हे अक्षर ०९७२ या एका क्रमांकाने लिहिता येते, तसेच अ आणि त्यावर चंद्र असे दोन चिन्हांनीही लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण क्रमांकांच्या क्रमात एक यादीच्या आरंभी जाते आणि दुसरे अंकांच्याही खाली. ‘दऱ्या’मधला ऱ असाच एकसंध असतो किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असा सुटा. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था तो सुटा करून ठेवत असे, त्यामुळे तिथून आणलेली ‘दऱ्या’ ही फाइल ‘दरवाजा’ आणि ‘दरी’ यांच्या मध्ये येते, तर इकडे टंकलेली ‘दरी’च्या नंतर. सगळी नावे एका रूपात आणणारा प्रोग्राम चालवण्याआधी ‘दऱ्या’सारख्या जोड्या हाताने वेगळ्या करून ठेवाव्यात, कारण रूप एक झाले की दोन्ही फायलींचे नाव एकच होते आणि एक फाइल दुसरीवर लिहिली जाण्याचा धोका असतो.