बिशप नेमायचा कोणी? चीनचा करार आणि माहीमचा वेढा

नमस्कार मंडळी! माहीमचं सेंट मायकल चर्च माहितीये ना, बुधवारी नोव्हेनाला सगळ्या धर्मांची माणसं रांग लावतात ते? 1853 साली या चर्चला चक्क वेढा पडला होता. आत रोमनं पाठवलेले बिशप हार्टमन आपली माणसं घेऊन बसलेले, हटायलाच तयार नाहीत, आणि बाहेर कोण, तर तेही कॅथलिकच, गोव्याच्या आर्चबिशपच्या बाजूचे! दोनेक आठवडे चाललं हे, शेवटी इंग्रज अधिकाऱ्यांनी दारं उघडायला लावली आणि चर्च बाहेरच्यांना मिळालं.

भांडण एकच, बिशप नेमायचा कोणी. पोपनं पूर्वी पोर्तुगालच्या राजाला हक्क दिला होता, पाद्रोआदो म्हणतात त्याला. मिशनरींचा खर्च राजानं करायचा, बदल्यात इकडचे बिशप राजा सुचवणार. पुढे पोर्तुगालची ताकद गेली तरी हक्क काही सुटेना, मग रोमनं 1622 मध्ये प्रोपागांडा फिदे नावाचं वेगळं खातं काढलं आणि थेट आपली माणसं पाठवायला सुरुवात केली. गोव्यातल्या दिवाडीचे मातेउस द कास्त्रो 1637 मध्ये बिशप झाले ते असेच रोमकडून, आणि गोव्यातल्या पोर्तुगीज मंडळींनी त्यांना जाम त्रास दिला. मुंबईत तर कहरच, काही चर्च गोव्याच्या आर्चबिशपकडे, काही रोमच्या माणसाकडे, आणि मधे भरडले गेले आपले ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे कॅथलिक, आणि गोवेकर.

आता चीनकडे या. 22 सप्टेंबर 2018 ला व्हॅटिकननं चीन सरकारशी बिशप नेमणुकीचा करार केला, म्हणजे बिशप निवडण्यात सरकारलाही वाटा, आणि लगेच ओरड, चर्च विकलं! हाँगकाँगचे कार्डिनल झेन तर आजही भयंकर चिडलेले आहेत. त्यांचा राग मला पटतो, पण "असं कधी घडलंच नव्हतं" असं जे म्हणतात ते मात्र साफ चूक. 1122 चा वर्म्सचा करार बघा, सम्राट आणि पोप यांच्यात याच विषयावर झालेला. फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गचा बिशप आजही राष्ट्राध्यक्षाच्या सहीनं नेमला जातो, नेपोलियनच्या 1801 च्या करारामुळे, खरंच!

इतिहासात दिसतं काय, तर हक्क देताना एक सही पुरते आणि परत घ्यायला शतकं जातात. मुंबईसाठी 1928 मध्ये ठरलं की आर्चबिशप आलटून पालटून एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश, म्हणजे भारतीय माणूस हिशोबातच नाही! पोर्तुगालनं हक्क सोडला 1950 मध्ये, आणि त्याच वर्षी व्हॅलेरियन ग्रेशस मुंबईचे आर्चबिशप झाले, पुढे पहिले भारतीय कार्डिनल झाले.

चीननं तर 2023 मध्ये शेन बिन यांना परस्पर शांघायचे बिशप म्हणून बसवलं, आणि तीन महिन्यांनी पोप फ्रान्सिसनी ते मान्यही केलं. बरं, 1928 चा करार निदान छापलेला तरी होता हो, कोणीही वाचावा. 2018 चा मजकूर अजून जाहीरच नाही, माझी खरी तक्रार ती आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये चार वर्षांची मुदतवाढ मिळालीये, म्हणजे 2028 ला हा विषय आताच्या पोप लिओंच्या टेबलावर येणारच.