सहा-आठ वेळा, थोडं थोडं

[पहाट. मालवण तालुक्यातला किनारा.]

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. ते ओढताना पाय वाळूत रोवायचे, कंबर मागे टाकायची आणि सगळ्यांनी एका दमात खेचायचं. निळ्या शर्टातले काका मात्र दोराला हात लावत नाहीत. ते मासळी निवडायला बसतात. अन्ननलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यापासून वाटा कमी मिळतो.

[आकृती.]

या ऑपरेशनमध्ये कॅन्सर झालेली अन्ननलिका आजूबाजूच्या लसिकाग्रंथींसह काढतात. मग जठर मोकळं करून त्याची अरुंद नळी करतात, ती छातीतून वर ओढून मानेतल्या उरलेल्या टोकाला शिवतात. काहींचा जोड छातीतच असतो. तो भरून येईपर्यंत बऱ्याच जणांना पोटातून थेट लहान आतड्यात घातलेल्या नळीनं पातळ अन्न देतात. नळी निघते, टाकेही निघतात. पण अन्न साठवायला पूर्वीएवढं जठर उरत नाही आणि आंबट पाणी खाली रोखणारी झडपही गेलेली असते.

[चूल. काकू.]

म्हणून हे असं. सकाळी पेज. मग अर्धं घावन. मग मऊ भात आणि कुळथाची पिठी. बांगडा असेल तर काटे काढून, कुस्करून. दिवसातून सहा-आठ वेळा, थोडं थोडं, चावून चावून. पाणी जेवताना नाही, नंतर. शेवटचा घास झोपण्याच्या दोन-तीन तास आधी, कारण आडवं झालं की घशाशी येतं. खाटेच्या उशाकडचे पाय बघा: खाली जांभ्याचे चिरे लावलेत. काकूंना कॅमेऱ्यासमोर बसवायचं होतं. त्या चुलीपुढून हलल्याच नाहीत.

[गणपती. पानं वाढलीत.]

गोड झपकन आतड्यात उतरलं की छाती धडधडते, घाम फुटतो, घेरी येते, कधी जुलाब होतात. डॉक्टर याला डम्पिंग म्हणतात. काकांच्या पानातला मोदक कुठे जातोय, पाहा.

[रात्र. भजन.]

आवाजाची नस अन्ननलिकेला लागूनच जाते. ऑपरेशनमध्ये तिला धक्का बसला तर आवाज बसतो. पुष्कळांचा काही महिन्यांत सुधारतो. काकांचा नाही सुधारला. या वाडीत भजनाचे बुवा तेच होते. आता झांज वाजवतात. मध्ये उसळ-पाव येतो, तेव्हा उठून खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, जातात.

[खळं. शेजारी.]

"इतको सुकलंस कित्याक?" हा प्रश्न सगळे विचारतात. या रुग्णांसाठी अभ्यासक १८ प्रश्नांची खास प्रश्नावली वापरतात. चारचौघांत जेवायला अवघड वाटतं का, असाही प्रश्न तिच्यात आहे. काकांना तो आजवर कुणी विचारला नव्हता. तपासणीला गेले की वजन बघतात, स्कॅन बघतात आणि पुढची तारीख देतात. गर्दीपुढे डॉक्टर तरी काय करणार!

[कुडाळ स्टेशन.]

घास अडकायला लागला की पहिला विचार येतो, कॅन्सर परत आला. पुष्कळदा तो जोडाजवळचा व्रण आकसलेला असतो. दुर्बिणीतून फुगा घालून वाट मोठी करता येते. पण ते कळेपर्यंत घरात कुणी नीट झोपत नाही. आणि कळण्यासाठी दर वेळी मुंबईची गाडी. फुगा घालणं एक वेळ मुंबईत होऊ दे. काय खायचं, मनात काय चाललंय, हे विचारणारा आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक महिन्यातून एकदा तालुक्याच्या गावी बसवायला मुंबई लागत नाही.