मपेट्समध्ये पहिला नंबर कुणाचा?

नमस्कार. आजचा विषय भांडण लावणारा आहे. ‘द मपेट शो’मधल्या पात्रांचे नंबर लावायचे. मघाशी चहाच्या वेळी दोघातिघांनी मला गाठून दम दिला की त्यातला ढोलवाला अ‍ॅनिमल पहिल्या तिनात नसेल तर आम्ही उठून जाऊ. तेव्हा आधीच सांगून टाकतो, तो पहिल्या तिनात नाही. दार मागच्या बाजूला आहे.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यापुरतं थोडक्यात. जिम हेन्सन या अमेरिकन कलावंताला बाहुल्यांचा कार्यक्रम मोठ्या माणसांसाठी करायचा होता. अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांनी त्याला दारात उभं केलं नाही. शेवटी इंग्लंडमधल्या लू ग्रेड यांनी पैसा आणि स्टुडिओ दिला आणि 1976 ते 1981 या काळात लंडनजवळच्या एल्स्ट्रीत पाच हंगाम, 120 भाग झाले. एक जुनं थिएटर, दर भागात एक खराखुरा माणूस पाहुणा, बाकी सगळा कारभार बाहुल्यांचा. समोर खेळ चाललाय, विंगेत बोंबाबोंब, आणि वरच्या बॉक्समध्ये दोन खवचट म्हातारे. नाटकाच्या विंगेत एकदा जरी कुणी उभं राहिलं असेल तरी त्याला यातलं काही समजावून सांगायची गरज नाही.

आता बाहुली म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रामदास पाध्ये आणि अर्धवटराव येतात. तिथे बोलविता धनी शेजारीच बसलेला असतो आणि आपण चोरून त्याचे ओठ बघत असतो. कुडाळजवळ पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्या पाहिल्यात तर दोऱ्या वरून येतात. मपेटचं तंत्र तिसरंच. माणूस खाली, हात डोक्याच्या वर ताणलेला, पंजा बाहुलीच्या तोंडात आणि नजर समोरच्या मॉनिटरवर. कॅमेऱ्याची चौकट हाच त्यांचा रंगमंच. आपली बाहुली आत्ता कुठे बघतेय हे ती हलवणाऱ्यालाही टीव्हीवरच कळतं.

नंबर लावायला माप लागतं. सगळ्यात जास्त हसवतो कोण, हे माप मी घेतलेलं नाही. त्यावर एकमत होणं शक्य नाही आणि त्यातून कळतही काही नाही. मी विचारतो ते एवढंच, की रंगमंचावर पाऊल टाकताना हे पात्र पणाला काय लावतं?

या मापाने पहिला नंबर फॉझीचा. फॉझी हे अस्वल. डोक्यावर बारकीशी टोपी, गळ्यात गुलाबी ठिपक्यांचा रुमाल. धंदा विनोद सांगण्याचा आणि विनोद सगळे रद्दी. सांगून झाला की स्वतःच ‘वॉका वॉका’ करतो, म्हणजे तुम्हाला कळावं की इथे हसायचं होतं. वरून दोन म्हातारे त्याची पिसं काढतात. फॉझीकडे दुसरं काही नाही. गाणं नाही, रूप नाही, हुशारी तर नाहीच नाही. हा विनोद पडला म्हणजे तो स्वतः पडला, आणि तरी पुढच्या भागात हा गडी हजर. पहिल्या हंगामात ब्रूस फोर्सिथ पाहुणा आहे, तो भाग बघा. ब्रिटनमधला कसलेला मनोरंजनकार. तो फॉझीला म्हाताऱ्यांना तोंड कसं द्यायचं ते शिकवतो. इतके दिवस मार खाणाऱ्याला पहिल्यांदा उलट टोला हाणायची हिंमत येते, ते पाहताना मी खुर्चीच्या टोकावर येतो. बाहुलीसाठी! तेही फरचं अस्वल.

यातली गंमत अशी की बॉक्समधल्या वॉल्डॉर्फचा आवाज हेन्सनचा आणि विंगेत फॉझीची समजूत काढणाऱ्या कर्मिट या बेडकाचा आवाजही हेन्सनचाच. थपडा मारणारा आणि पाठीवरून हात फिरवणारा एकच. दुसरा म्हातारा स्टॅटलर, तो करत होता रिचर्ड हंट. मालिका सुरू झाली तेव्हा हंट होता पंचविशीचा! फॉझीच्या आत फ्रँक ऑझ, आणि मिस पिगीच्या आतही फ्रँक ऑझच.

दुसरा गोंझो. हा नक्की कुठला प्राणी आहे ते कुणालाच माहीत नाही. वाकडं नाक, निळं अंग. पहिल्या हंगामात याने संगीताच्या तालावर गाडीचा टायर खाऊन दाखवला होता. ती कला आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत. त्या हंगामातली बाहुली नीट बघितलीत तर पापण्या कायम अर्ध्या मिटलेल्या, चेहऱ्यावर सुतक. डेव्ह गोएल्झ हा ती हलवणारा. दुसऱ्या हंगामापासून पापण्या हलवायची सोय झाली, डोळे टक्क उघडता यायला लागले आणि रडका गोंझो एकदम तोफेच्या तोंडी बसायला उतावीळ झाला. पापण्यांच्या एका कळीने स्वभाव बदलला. फॉझीला निदान लोकांनी हसावं असं वाटतं, गोंझोला त्याचीही पडलेली नाही. म्हणून अर्ध्या पावलाने मागे.

तिसरा कर्मिट. इथे चुळबुळ होणार याची कल्पना आहे. नायक तिसरा कसा? पण कर्मिट पणाला लावतो तो कार्यक्रम, स्वतःला क्वचित. तो व्यवस्थापक आहे. कारागिरी म्हणून बघाल तर मात्र तो सगळ्यांच्या वर. 1955 साली हेन्सनने आईचा जुना कोट कापून ही बाहुली शिवली, पिंगपाँगचा चेंडू अर्धा करून डोळे लावले. चेहऱ्यात यंत्र नाही, पापणी नाही, भुवई नाही. नुसतं कापड आणि आत बोटं. विंगेत काही बिनसलं की हेन्सन आतून मूठ आवळतो आणि कर्मिटचं अख्खं तोंड दुमडून आत जातं. चिडला, गिळला, आणि आता काहीतरी गोड बोलणार, हे सगळं त्या एका सुरकुतीत असतं. तो क्षण थांबवून थांबवून बघा, कितीही वेळा.

मिस पिगी चौथी. सुरुवातीला ती कोरसमधली एक डुकरीण होती, बाकी चारचौघींसारखी. फ्रँक ऑझने तालमीत साध्या थपडेच्या जागी कराटेचा फटका हाणला आणि कोरसवाली मालकीण झाली. लाडिक आवाज एका शब्दात रेड्यासारखा खाली उतरतो, ते कसब जबरदस्तच. पण आपण फसू शकतो हे तिला मान्यच नाही, मग पणाला लावणार काय?

बाकीच्यांचं पटापट उरकतो. स्वीडिश शेफ पाचवा, त्याच्या हातांसाठी. डोकं आणि आवाज हेन्सनचा, पण समोर दिसणारे दोन उघडे हात खऱ्या माणसाचे, फ्रँक ऑझचे. हात काय उचलून फेकतील त्याला तोंडाने सावरून घ्यायचं, असा मामला. बीकरचा प्रश्न अवघड आहे. डॉ. बन्सन हनीड्यूच्या प्रयोगशाळेत तो दुसऱ्या हंगामात आला आणि तेव्हापासून जळतोय, फुगतोय, लहान होतोय. पण तो स्वतःला पणाला लावत नाही, त्याला लावलं जातं, द्यूतातल्या द्रौपदीसारखं, आणि ‘मी मी मी’पलीकडे त्याला तक्रारही करता येत नाही. सहावा. स्टॅटलर आणि वॉल्डॉर्फ सातवे. त्यांची वाक्यं पाठ असलेले इथे खूप जण असतील, मलाही आहेत. पण खाली उतरून काही करायची जोखीम ते सहसा घेत नाहीत, आणि खाली फॉझी नसता तर त्यांना बोलायला विषय कुठला होता?

अ‍ॅनिमल आठवा. ढोल अफाट वाजवतो, कबूल. 1981 मध्ये बडी रिचसारख्या ड्रमरशी त्याची जुगलबंदी झाली, तीही बघण्यासारखी आहे. पण आपण वाजवतोय, समोर लोक आहेत, आपली फजिती होऊ शकते, यातलं काहीच त्याच्या डोक्यात नसतं. भीतीच नाही त्याच्या धाडसाचं मी कौतुक का करू?

विंगेतला हरकाम्या पोरगा स्कूटर, त्याला नंबर नाही. थिएटर त्याच्या काकाच्या मालकीचं आहे, म्हणून त्याला काम मिळालंय.

झालं. अ‍ॅनिमलवाले अजून बसलेले दिसताहेत. माइक आधी त्यांच्याकडे द्या.